ट्रॅकवरच्या हॅचबॅकसाठी लोअर आर्म: नवा मूळ आर्म, पॉलियुरेथेन बुश की रोज जॉइंट?

सोलापुरातून कोणताही मोठा रेसट्रॅक जवळ नाही, आणि लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी खालून जोडणारा भाग, निवडताना ही बाब सर्वांत आधी विचारात घ्यावी लागते. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाई येथील ३.७ किलोमीटरचा ट्रॅक असो किंवा कोइम्बतूरचा २.१ किलोमीटरचा कारी मोटर स्पीडवे, तेथे गाडी स्वतः चालवत न्यायची असेल, तर ट्रॅकवरील अंतराच्या कितीतरी पट अंतर ती महामार्गावर, गावोगावच्या गतिरोधकांवर आणि धुळीत कापते. ट्रेलरवर चढून जाणाऱ्या गाडीचे गणित वेगळे आहे. खालील तुलना पोलो किंवा स्विफ्टसारख्या हॅचबॅकची आहे, जिच्या पुढच्या बाजूस मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब) आणि मागे टॉर्शन बीम (दोन्ही बाजूंना जोडणारी एकच आडवी तुळई) असतो. म्हणजे बदलण्याजोगे आर्म पुढचे दोनच.

खर्च करण्यापूर्वी तक्रार नेमकी कोणती आहे हे ठरवावे, कारण दोन निरनिराळ्या तक्रारींसाठी एकच आर्म सुचवला जातो. जोरात ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग भरकटत असेल, तर दोष बहुधा आर्मच्या मागच्या बुशमध्ये असतो (आर्म सांगाड्याला जोडणाऱ्या दोन लवचीक कड्यांना बुश म्हणतात, एक पुढे आणि एक मागे). पुढचा बुश मुख्यतः वळणाचा आडवा भार घेतो. ब्रेक लागताच चाक मागे ढकलले जाते, आर्म पुढच्या बुशभोवती किंचित फिरतो आणि मागचे मऊ रबर दबते, त्यामुळे टो (वरून पाहता चाक आत किंवा बाहेर वळल्याचा कोन) आणि कॅस्टर (बाजूने पाहता स्टिअरिंगच्या अक्षाचा कल) दोन्ही बदलतात. याउलट, टायरची बाहेरची कड झिजत असेल आणि फेरीनंतर लगेच मोजलेले तिचे तापमान आतल्या कडेपेक्षा बरेच जास्त येत असेल, तर ऋण कॅम्बर, म्हणजे चाकाच्या माथ्याचा आतल्या बाजूचा कल, कमी पडतो आहे. बुश कितीही कडक केले तरी ही दुसरी तक्रार पुरती मिटत नाही.

पहिला पर्याय म्हणजे कंपनीचाच नवा आर्म, आणि उपलब्ध असल्यास मागच्या बाजूस त्याच मापाचा, पोकळ्या नसलेला भरीव रबरी बुश. जुन्या गाडीत नुसत्या नव्या बुश आणि बॉल जॉइंटने (आर्मच्या बाहेरच्या टोकाचा, चाकाकडचा गोलाकार सांधा) होणारा फरक अनेकांच्या अपेक्षेपेक्षा मोठा असतो. रबरी बुश आतल्या नळीला चिकटवलेला असतो आणि स्वतः पिळवटून आर्मला हालचाल देतो. त्याला वंगण लागत नाही, धुळीचे भय नसते, आवाजही नसतो. कॅम्बर मात्र यातून मिळत नाही. तो स्ट्रटच्या माथ्यावरील कॅम्बर प्लेटमधून घ्यावा लागतो.

दुसरा पर्याय मूळ आर्ममध्ये प्रेसवर बसवलेल्या पॉलियुरेथेन बुशचा. हे साहित्य रबरापेक्षा बरेच कडक असते, त्यामुळे ब्रेकखाली चाक जागेवर राहते आणि स्टिअरिंगचा प्रतिसाद स्पष्ट होतो. परंतु हा बुश पिळवटत नाही, नळीभोवती फिरतो. म्हणून त्याला सिलिकॉन ग्रीस लागते आणि ते सुकले की करकर सुरू होते. काही गाड्यांत मागच्या बुशचा अक्ष उभा असतो, आणि आर्म वरखाली होताना तो बुश तिरका व्हावा लागतो. तेथे कडक पॉलियुरेथेन अडखळते आणि सस्पेन्शनची मोकळी हालचाल रोखते. अशा गाडीत पुढे पॉलियुरेथेन आणि मागे भरीव रबर ही जोडी मला अधिक समंजस वाटते.

तिसरा पर्याय लांबी बदलता येणाऱ्या, रोज जॉइंट (रबराऐवजी धातूच्या गोळ्यावर फिरणारा सांधा) असलेल्या नळीच्या आर्मचा. यात लवचीकता जवळजवळ शून्य असते आणि कॅम्बर हवा तसा लावता येतो. बॉल जॉइंटपासून स्ट्रटच्या माथ्यापर्यंत साधारण ६०० मिलिमीटर अंतर धरले, तर आर्म १० मिलिमीटरने लांबवल्यास सुमारे १ अंश ऋण कॅम्बर वाढतो. पण त्याचबरोबर चाक बाहेर सरकते, ड्राइव्हशाफ्ट ताणला जातो आणि टो नव्याने लावावा लागतो. रबर नसल्याने प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट सबफ्रेमच्या जोडणीवर जातो. मोहोळकडून येताना किंवा विजयपूरकडे निघताना चाकांखाली जी धूळ उडते, ती उघड्या जॉइंटच्या अस्तरात शिरून त्याला लवकर ढिला करते. रबरी बूट चढवले तरी नियमित तपासणी टळत नाही.

सोलापुरात आणखी एक मोह असतो. एमआयडीसीत उत्तम लेथ आणि कुशल वेल्डर आहेत, तेव्हा आर्म येथेच का बनवू नये? बुशची नळी किंवा स्पेसर अवश्य बनवून घ्यावा. संपूर्ण आर्म मात्र बनवून घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण वेल्डच्या कडेला पडलेली बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही आणि आर्म तेथून ब्रेक मारतानाच तुटतो, जेव्हा भार सर्वाधिक असतो.

नोंदणीकृत गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलांपासून फारकत घेण्यावर मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चे बंधन आहे, आणि शर्यत किंवा वेगचाचणीतील नुकसान सर्वसाधारण विम्यात धरले जात नाही. तिसऱ्या पर्यायाकडे वळणाऱ्याने हे दोन्ही ध्यानात घ्यावे.

गाडी चालवत जाऊन चालवतच परत आणणाऱ्याने नवा मूळ आर्म, मागे भरीव रबर आणि वर कॅम्बर प्लेट घ्यावी. ट्रॅकवर अडीच अंशांच्या आसपास ऋण कॅम्बर ठेवून परतीपूर्वी तो कमी करता येतो, मात्र प्रत्येक वेळी टो तपासलाच पाहिजे. गाडी खूप खाली बसवली असेल, तर आर्मचा बाहेरचा टोक वर जातो आणि रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) फार खाली घसरते. अशा वेळी लांब दांड्याचा बॉल जॉइंट कोणत्याही महागड्या आर्मपेक्षा अधिक उपयोगी पडतो. रोज जॉइंट केवळ ट्रेलरवरच्या गाडीसाठी.

बसवताना मेकॅनिकला एक गोष्ट आवर्जून सांगावी: रबरी बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकलेली असताना आवळू नयेत. चाकांवर पूर्ण वजन आल्यावरच ते ठरलेल्या टॉर्कने आवळावेत, अन्यथा रबर कायम पिळलेले राहून काही महिन्यांत फाटते. अलायनमेंट त्यानंतर करावे.