१०८ नगांची पेटी आणि माझे ३,२०० रुपये

मागच्या आठवड्यात शेजारच्या गॅरेजातला पोरगा मोबाइल घेऊन आला. "दादा, बघ ना, घेऊ का? मोशीच्या प्रदर्शनातला उरलेला माल आहे म्हणतात." फोटोत हत्यारांची काळी पेटी, आत खाच्यांत ओळीनं बसवलेल्या गोट्या (नटावर चढवायचे सॉकेट), सगळं आरशासारखं चमकतंय. पेटी मी लगेच ओळखली. २०२२ मध्ये मी हीच घेतली होती, पुण्याजवळच्या मोशीचं हेच नाव ऐकून. फरक एवढाच, की तेव्हा पेटीवर १०८ नग लिहिलेलं होतं आणि आता १७२ झालेत.

त्याला थांबवलं. पण गॅरेजात नव्यानं लागलेली पोरं गावोगावी आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आयटीआय करून मी हडपसरला एका टू-व्हीलर गॅरेजात लागलो होतो. पहिले सहा महिने उस्तादांच्या हत्यारांवर काम. उस्ताद हत्यार द्यायचे, पण संध्याकाळी पुसून, मोजून परत घ्यायचे. दहाचा टी (टीच्या आकाराचा पाना) सापडला नाही की कुणीच घरी जायचं नाही. एकदा माझ्यामुळे चार माणसं रात्री साडेनऊपर्यंत ड्रेनेजच्या जाळीत बॅटरी मारत बसली होती. त्या दिवशी ठरवलं, आपली हत्यारं आपण घ्यायची.

पेटी विकणारे दोघं आले ते दुपारी, उस्ताद जेवायला घरी गेल्यावर. पांढरी गाडी, इस्त्रीचे शर्ट, गळ्यात आयकार्ड. पहिलाच प्रश्न, "सेठ आहेत का?" मी नाही म्हणालो तर त्यांनी गाडीची डिकी उघडली. मालक नाही म्हटल्यावर कोणताही खरा सेल्समन "मग संध्याकाळी येतो" म्हणेल, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं नाही. त्यांची गोष्ट अशी, की प्रदर्शन संपलंय, माल परत दिल्लीला न्यायचा तर भाडं आणि कागदपत्रांचा घोळ, म्हणून पडेल त्या भावात काढतोय. मोशीला प्रदर्शनं भरतात हे खरंच आहे, त्यामुळे थाप सहज गळी उतरते.

पेटीवर छापील किंमत १८,९९९. मागितले सात हजार. मी नको म्हणालो तर एक जण गाडीत जाऊन बसला, दुसरा खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भाई, तू नया है, तेरे को बना के देता हूँ." मग त्यानं एक पाना व्हाइसच्या जबड्यात आवळला आणि त्यावर आमचीच हातोडी चार वेळा हाणली. पाना वाकला नाही. मी खूश. तो पाना त्यानं पेटीतून नव्हे, स्वतःच्या खिशातून काढला होता आणि खिशातच परत ठेवला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पाहिलं, पण त्याचा अर्थ कळायला चार दिवस लागले.

३,२०० ला सौदा ठरला. क्यूआर स्कॅन केला तर स्क्रीनवर दुकानाचं नाव नाही, कुठल्या तरी बाईंचं नाव आलं. "वहिनी का अकाउंट है." बिल व्हॉट्सॲपवर येणार होतं. आला तो हात जोडलेला एक स्टिकर.

चौथ्या दिवशी एका दूधवाल्या काकांची स्प्लेंडर ऑइल बदलायला आली. ऑइल खाली सोडायचा ड्रेन बोल्ट सतराचा. माझा नवा कोरा पाना लावला, जोर दिला, आणि काहीतरी हललं. मला वाटलं, बोल्ट सुटला. बोल्ट जागेवरच होता, पान्याचं तोंड पसरत होतं! पुढच्या झटक्याला पाना सटकला, बोटांची सालं फूटरेस्टला राहिली आणि बोल्टचे कोपरे गोल झाले. काका उभेच. "अरे पोरा, पहाटे चारला कॅन न्यायचेत मला."

उस्तादांनी छन्नी तिरकी लावून, हलक्या हातानं ठोकत ठोकत तो बोल्ट सोडवला. इंजिनचे आटे वाचले हे माझं नशीब. नवीन बोल्ट आणि वॉशर माझ्या पैशानं.

काका गेल्यावर मला वाटलं आता शिव्या बसणार. उस्ताद काही बोलले नाहीत. कानस घेतली आणि त्या पान्यावर दोनदा ओढली. चांगल्या पान्यावर कानस इतकी सहज चालत नाही. इथे चकाकी निघाली आणि खाली भुगा पडला. पान्यावर 'क्रोम व्हॅनेडियम' असा कणखर पोलादाचा उठावदार ठसा होता, तो मी दाखवला. "ठसा मारायला क्रोम कशाला लागतंय?" मग गोट्या फिरवायच्या रॅचेटचं झाकण उघडलं. आतलं चाक करड्या रंगाचं, दोन दात आधीच उडालेले. उस्तादांनी जुन्या स्पीकरचा लोहचुंबक लावला, तो चिकटलाच नाही. म्हणजे जस्ताचं ओतकाम. चुंबक साध्या लोखंडालाही चिकटतो, त्यामुळे चिकटला म्हणजे माल चांगला असं नाही. पण रॅचेटच्या चाकाला चिकटत नसेल, तर तिथे पुढे बघण्यासारखं काही उरत नाही.

नंतर आम्ही नग मोजले. स्क्रू ड्रायव्हरची सुटी टोकं, म्हणजे बिट, चाळीस. छत्तीस गोट्या, त्यातल्या सोळा गोट्या इंची मापाच्या, पाच-सोळांश, सात-सोळांश असल्या. आमच्या गॅरेजात येणाऱ्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्या बहुतेक आठ, दहा, बारा, चौदा, सतरा, एकोणीसवर खोलतात, तिथे सात-सोळांश काय करायचं? नऊ ॲलन की, आठ पाने, एक रॅचेट, दोन एक्स्टेन्शन, एक जॉइंट, एक स्क्रू ड्रायव्हर, एक पक्कड. तरी नऊ कमी पडत होते. ते नऊ म्हणजे पाइपला लावायच्या क्लिपा! त्याही नगांत धरलेल्या. हसावं की रडावं कळेना.

पैसे परत मिळाले नाहीत. नंबर बंद. चौकीत विचारलं, "माल मिळाला ना? पैसे तूच दिलेस ना?" ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहे, तिथे लावला, पण तक्रार कुणाविरुद्ध लिहायची हेच माझ्याकडे नव्हतं. बिल नाही, दुकान नाही. पेटीवर बनवणाऱ्याचा किंवा आयात करणाऱ्याचा पत्ताही नाही. पॅकबंद मालावर नाव, पत्ता, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापावाच लागतो, २०११ पासूनचे नियम आहेत तसे. माझ्या पेटीवर मोठ्या अक्षरांत फक्त 'जर्मन टेक्नॉलॉजी' होतं. पेटी उलटी करून पाहायला अर्धा मिनिट लागलं असतं.

पुढच्या पगाराला उस्ताद मला पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत, हत्यारांच्या बाजारात घेऊन गेले. (मुंबईवाल्यांना नागदेवी स्ट्रीट सांगायला नको.) निघताना त्यांनी माझ्या खिशात तीन नवे बोल्ट टाकले, दहा, चौदा आणि सतराच्या डोक्याचे. दुकानात पाना हातात आला की त्यावर बोल्ट बसवून हलवायचा. खडखडला तर ठेवून द्यायचा. पहिल्याच दुकानात एक सेट आवडला, तर उस्तादांनी नावावर बोट ठेवलं. नामांकित ब्रँडचंच नाव, पण मधलं एक अक्षर वेगळं. उघड्या तोंडाच्या पान्याला आयएस २०२८ आणि रिंग पान्याला आयएस २०२९ ही मानकं आहेत, पण हा आकडाही कुणी ठोकू शकतो. म्हणून बोल्ट, पक्कं बिल आणि बदलून देणारं दुकान, हे तिन्ही लागतं.

त्या दिवशी घेतलं ते फार थोडं. नाशिकच्या टपारियाचा आठ पान्यांचा सेट, सहा-सातपासून वीस-बावीसपर्यंत, हजाराच्या आत आला. आठ, दहा आणि बारा असे तीन टी. एक पक्कड. एक जाड प्लस स्क्रू ड्रायव्हर. तो घेताना उस्तादांनी एक गोष्ट सांगितली ती आयटीआयमध्ये कुणी सांगितली नव्हती. जपानी घडणीच्या गाड्यांत काही स्क्रूंच्या डोक्यावर बारीक टिंब असतं, ते जपानी मापाचे. साधा प्लस त्यांतून वर चढतो आणि खाच खातो. त्याचा ड्रायव्हर वेगळा. तो मी पुढच्या महिन्यात घेतला, त्यानंतर रिंग पाने. गोटी सेट घ्यायला वर्ष गेलं. घेतला तो सहा कोनी, कारण बारा कोनी गोटी गंजलेल्या नटावर लवकर घसरते. एकाच वेळी सगळं घ्यायची गरज मला कधी पडलीच नाही.

पैसे फारच कमी असतील तर पुण्यात जुना बाजार आहे, बुधवार-रविवार. तिथे जुने पण अस्सल पोलादाचे पाने सुटे मिळतात. तोंड पसरलेलं नाही ना, रिंगच्या आतल्या कडा झिजलेल्या नाहीत ना, एवढं उजेडात बघायचं. खिशातले तीन बोल्ट तिथेही चालतात. मात्र कुणी अख्खा सेट मातीमोल देत असेल तर तो कुणाच्या तरी गॅरेजातून उचललेला असू शकतो, हातच लावू नका.

शेजारच्या पोराला मी माझी पेटी दाखवली. आता तिच्यात सुटे वॉशर आणि कॉटर पिना असतात, खाचे त्यासाठी बरे आहेत. सतराचा तो पाना उस्तादांनी स्वतःकडे ठेवलाय. ग्रीसच्या डब्याचं झाकण उचकटायला वापरतात, आणि संध्याकाळी तोही मोजून ठेवतात.