हेब्रोनची एक दिवसाची सहल: दोन मार्गदर्शक, एक गुहा

जेरुसलेमच्या दक्षिणेला सुमारे ३० किलोमीटरवर असलेल्या हेब्रोनची ही सहल मी २०१९ च्या मार्चमध्ये केली. अर्धा दिवस पॅलेस्टिनी मार्गदर्शक आणि अर्धा दिवस ज्यू मार्गदर्शक, अशी तिची आखणी असल्यामुळेच मी ती निवडली होती.

ज्यू आणि मुस्लिम दोघेही ज्याला आपला पूर्वज मानतात, त्या अब्राहामाचे दफनस्थान समजल्या जाणाऱ्या मकपेलाच्या गुहेवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या हेरोद राजाच्या काळातील प्रचंड दगडी भिंती उभ्या आहेत. ज्यू मार्गदर्शकाने तेथे बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या २३ व्या अध्यायापासून सुरुवात केली. पत्नी साराच्या मृत्यूनंतर अब्राहामाने एफ्रोन हित्तीला ४०० शेकेल रुपे तोलून देऊन ही जागा घेतली, हे त्यांनी खरेदीखत वाचून दाखवावे तशा ठामपणे सांगितले. मला मात्र त्या कथेत दुसरेच काही जाणवले. ज्याला संपूर्ण देशाचे वचन मिळाले होते, तो तेथील लोकांसमोर स्वतःला उपरा म्हणवतो आणि पत्नीला पुरण्यापुरती जमीनही फुकट घेत नाही.

पॅलेस्टिनी मार्गदर्शकांनी हेच शहर अल-खलील, म्हणजे देवाच्या मित्राचे, अब्राहामाचे गाव, म्हणून दाखवले. १९९४ मध्ये एका ज्यू वसाहतवाल्याने नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घालून मारले आणि त्यानंतर वास्तूची ज्यू आणि मुस्लिम अशा दोन भागांत विभागणी झाली, हे सांगताना त्यांचा आवाज खाली आला. १९२९ च्या दंगलीत मारल्या गेलेल्या ६७ ज्यूंविषयी बोलताना ज्यू मार्गदर्शकांचेही तसेच झाले. अब्राहामाचे स्मारक दोन्ही बाजूंनी जाळीतून दिसते. आम्ही पर्यटक दोन्हीकडून आत जाऊन ते पाहू शकलो. आमच्या मार्गदर्शकांना मात्र एकमेकांच्या बाजूला जाता आले नाही.

आयोजकांविषयी माझी एक गंभीर तक्रार आहे. दिवसभरात इतके दावे मांडले गेले, पण पुरातत्त्वाविषयी एक शब्दही निघाला नाही. बायबलबाहेर ‘इस्राएल’ या नावाचा सर्वांत जुना उल्लेख मानला जाणारा इजिप्तचा राजा मर्नेप्ताह याचा शिलालेख इ. स. पू. १२०८ च्या सुमाराचा आहे, आणि अब्राहामाच्या अस्तित्वाचा बायबलबाहेरील समकालीन पुरावा अद्याप मिळालेला नाही, एवढे तरी सांगायला हवे होते. त्याहून मोठी उणीव अशी की, ज्यूंचा पूर्वज इसहाक आणि अरबांचा पूर्वज मानला जाणारा इश्माएल या दोघा भावांनी मिळून वडिलांना याच गुहेत पुरले, हे उत्पत्तीतील वाक्य दोघांपैकी एकाही मार्गदर्शकाने उच्चारले नाही.

तरीही ही सहल मी आवर्जून सुचवेन. पासपोर्ट जवळ ठेवावा आणि आदल्या रात्री उत्पत्तीचे २३ व २५ हे दोन अध्याय वाचून जावे.