पणजीचे माहेर विचारणारी सेवा : सोलापुरात जुन्या जन्मनोंदींचा शोध

जुन्या सोलापुरात, टिळक चौकापासून पायी जाता येईल अशा अंतरावर, जुन्या जन्म-मृत्यू नोंदी शोधून त्यांचा लेखी अहवाल करून देणारे एक लहानसे कार्यालय आहे. आपले नाव छापू नये अशी चालकांची इच्छा असल्यामुळे ते येथे देत नाही. परंतु त्यांच्या कामाची पद्धत इतकी विचारपूर्वक आहे की तिच्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. जात पडताळणीसाठी महाराष्ट्रात इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. त्यामुळे आजोबा-पणजोबांच्या नोंदींचा शोध ही घरोघरची निकड झाली आहे, आणि या निकडीचा व्यापार करणारेही पुष्कळ आहेत.

आमचे काम पुतणीच्या जात पडताळणीचे होते. पणजोबा मुंबईत लालबागच्या बाजूला गिरणीत कामाला होते, आणि आजोबांचा जन्म १९२० च्या आगेमागे मुंबईतच झाला, असे घरात सर्वजण सांगत आले होते. आधी ज्या एका मध्यस्थाकडे विचारणा केली होती त्याने फारसे काही न विचारता ‘मुंबईचा दाखला करून आणतो’ असे सांगितले. त्यातले ‘करून आणतो’ ऐकूनच आम्ही तेथून उठलो. या कार्यालयातील ताईंनी मात्र चाळीचा पत्ता, गिरणीचे नाव, पणजोबा मुंबईला कधी गेले हे सर्व विचारून झाल्यावर शांतपणे विचारले, ‘दादा, तुमच्या पणजींचे माहेर कोणते?’ माढा तालुक्यातील गाव सांगताच त्यांनी अर्जावर मुंबईच्या आधी त्या गावाचे नाव लिहिले.

या प्रश्नामागे मुंबईच्या लोकसंख्येचा सगळा इतिहास उभा आहे. १८६४ च्या मोजणीत मुंबईत ८,१६,५६२ माणसे होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेल्या तेजीने त्यांना तेथे ओढून आणले होते. तेजी ओसरली आणि १८७२ च्या जनगणनेत हा आकडा ६,४४,४०५ वर आला. पुढे गिरण्या वाढल्या तशी वस्ती वाढत १८९१ मध्ये ८,२१,७६४ झाली. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग उघडकीस आला, लोक गावोगावी पळाले, आणि १९०१ ची मोजणी ७,७६,००६ वर थांबली. १९२१ मध्ये हेच शहर ११,७५,९१४ माणसांचे झाले होते. एवढे चढउतार जन्मांमुळे होत नसतात. ते रेल्वे आणि बोटींनी आलेल्या-गेलेल्या माणसांचे असतात. १८७२ मध्ये मुंबईकरांपैकी सुमारे ३१ टक्के लोक मुंबईतच जन्मलेले होते, तर १९२१ पर्यंत हे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांपर्यंत खाली आले होते. गिरणीतला गडी एकटा यायचा, खोलीत दहाजणांसोबत राहायचा. बायको गावी शेत आणि सासू-सासरे सांभाळायची. १९२१ मध्ये शहरात दर हजार पुरुषांमागे स्त्रिया जेमतेम सव्वापाचशे होत्या.

ज्या बायका मुंबईत राहत, त्यांतल्याही बऱ्याच जणी बाळंतपणाला माहेरी जात. मूल रत्नागिरीत, साताऱ्यात किंवा माढ्यात जन्मे. त्याचा जन्म गावच्या वहीत लागे, आणि काही महिन्यांनी ते आईच्या कडेवर बसून चाळीत येई. तेथे ते दगावले तर मृत्यू मात्र मुंबई महापालिकेच्या वहीत नोंदला जाई. म्हणूनच १९२१ मध्ये मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून अधिक अर्भकमृत्यू, असा अंगावर काटा आणणारा आकडा दिसतो. चाळींतील एकेका खोलीत अर्भकांचे हाल भयंकर होते, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरी या आकड्याच्या छेदस्थानी असलेले जन्म अपुरे आहेत, हे लक्षात घेतल्याशिवाय तो वाचू नये. दाखल्यासाठी वणवण करणाऱ्या आपल्यासारख्यांना यातून कळते ते एवढेच, की मुंबईत वाढलेल्या माणसाचा जन्म मुंबईच्या वहीत असेलच असे नाही.

हे ज्ञान त्या कार्यालयाने आमच्याकडून पैसे घेण्याआधी आम्हाला समजावून दिले, आणि मला त्यांच्या सेवेचा सर्वांत मोठा गुण हाच वाटतो. मुंबईतील शोध त्यांनी टाळला नाही. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याखाली शहरातील जन्मनोंदी होत असल्यामुळे तेथे रीतसर अर्ज करून त्यांनी ‘नोंद आढळून येत नाही’ असे लेखी उत्तर मिळवले. असे नकारार्थी उत्तर म्हणजे शोध फसला, असे अनेकांना वाटते; प्रत्यक्षात कोणत्या वर्षांच्या वह्या पाहून ते दिले आहे हे स्पष्ट असेल, तर जात पडताळणी समितीपुढे आपण इतरत्र का शोधले हे सांगायला त्याचाच आधार होतो. त्यांनी ती वर्षे अर्जातच नमूद केली होती.

नोंद अखेर मिळाली ती माढा तालुक्यातील कोतवाल बुकात. गाव नमुना १४ म्हणून ओळखली जाणारी ही जन्म-मृत्यूची वही जुन्या ब्रिटिश मुलखातील तालुक्यांच्या अभिलेखांत आजही अनेक ठिकाणी टिकून आहे. मराठा-कुणबी नोंदींच्या शोधासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामामुळे तिचे नाव सर्वतोमुखी झाले. पाने मोडी लिपीत, शाई उडालेली, कडा झिजलेल्या. बाळाचे नाव नाही, कारण नोंद होताना बारसे झालेले नसे. तारीख, बापाचे नाव, जात आणि ‘मुलगा’ एवढेच. जातीच्या पुराव्याला हे पुरेसे ठरू शकते, परंतु तो मुलगा म्हणजे आपले आजोबाच हे कसे दाखवायचे? येथे कार्यालयातील मोडी वाचणाऱ्या गृहस्थांनी खरे कसब दाखवले. मोडीतील मजकूर त्यांनी ओळीशी ओळ लावून देवनागरीत उतरवला, जे अक्षर लागत नव्हते तेथे अंदाजाने शब्द न घालता जागा मोकळी ठेवली, आणि आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमधील जन्मतारीख, वडिलांचे नाव व जन्मगाव यांच्याशी त्या नोंदीचा मेळ घालून दाखवला. शाळेच्या रजिस्टरात जन्मगाव म्हणून आजोळच लिहिलेले होते. घरातल्या कोणी ते कधी बारकाईने वाचले नव्हते.

व्यवहार स्वच्छ आहे. शोधाचे शुल्क आधी सांगतात व पावती देतात, सरकारी नकलेची फी वेगळी दाखवतात, आणि नोंद मिळाली नाही तरी शुल्क परत मिळणार नाही हे अर्जावरच ठळक लिहिलेले असते. मला हा नियम न्याय्य वाटतो, कारण ‘मिळाली तरच पैसे द्या’ म्हणणाऱ्याला नोंद काहीही करून मिळवण्याचा मोह होतो. नकला नेहमी अर्जदाराच्या नावाने आणि अर्जदाराच्या सहीने मागवल्या जातात, मूळ कागद ते स्वतःकडे ठेवून घेत नाहीत.

उणिवाही सांगायला हव्यात. अहवालाची भाषा जड आहे. त्यात लोकसंख्येचा इतिहास आणि आमच्या घराचा पुरावा एकमेकांत इतका मिसळला होता की वकिलांना निष्कर्ष शेवटून दुसऱ्या पानावर शोधावा लागला. निष्कर्ष पहिल्या पानावर आला पाहिजे. काम सावकाश चालते, आणि प्रवेशाच्या हंगामात तर ते नवे अर्ज घेणेच थांबवतात. तेव्हा दहावीच्या निकालाची वाट न पाहता आधीच जावे. चौकशीसाठी फोन केला तर बहुधा उचलला जात नाही, प्रत्यक्षच जावे लागते.

सर्वांत मोठी उणीव मात्र सोलापूरच्या दृष्टीने गंभीर आहे. या शहराचे हातमाग आणि यंत्रमाग ज्यांनी उभे केले त्या पद्मशाली कुटुंबांपैकी अनेकांची मुळे तेलंगणात आहेत, आणि शेजारचे तुळजापूर, नळदुर्गही १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. तिकडचे जुने दप्तर बऱ्याच अंशी उर्दूत आहे. या कार्यालयात मोडी उत्तम वाचली जाते, उर्दू आणि तेलुगू वाचणारे कोणी नाही. आमच्या समोरच साखर पेठेतील एका कुटुंबाला त्यांनी ‘तुमचे काम आमच्याकडून होणार नाही’ असे सांगून विनाशुल्क परत पाठवले. ते प्रामाणिकपणाचे होते, तरीही त्या माणसांनी जावे कुठे, हा प्रश्न उरतोच. साखर पेठ, भवानी पेठ, अशोक चौक या भागांतून येणारी गरज पाहता, उर्दू दप्तर वाचू शकणारी एक व्यक्ती मानधनावर नेमणे त्यांना अशक्य नसावे, आणि मी तसे त्यांना लेखी कळवले आहे. तोपर्यंत ब्रिटिश मुलखातील तालुक्यांत किंवा मुंबईत ज्यांचा शोध आहे त्यांनी येथे निःशंकपणे जावे. ज्यांचे गाव जुन्या हैदराबाद राज्यातले आहे त्यांनी आधी विचारून घ्यावे.