कर्नाटकातली फ्री बस (शक्ती योजना): खानापूर-बेळगाव रोज येणाऱ्या-जाणाऱ्या बाईचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार.

कोल्हापूर, सांगली, पुण्याकडच्या नात्यातल्या बायका सारख्या विचारतात की तुमच्याकडं ती बायकांसाठीची सरकारी फ्री बस खरंच चालते का, की नुसती जाहिरात आहे, फॉर्म भरावा लागतो का, एजंट पैसे घेतो का. सगळ्यांना वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते. मी खानापूरची, बेळगावात एका कापड दुकानात हिशोबाचं काम बघते, आणि ही योजना सुरू झाल्यापासून वापरतेय.

आधी ही कुठून आली ते सांगते कारण ते महत्त्वाचं आहे. २०२३ च्या सुरुवातीला काँग्रेस इथं विरोधात होती, सिद्धरामय्या विरोधी पक्षनेते होते. ११ जानेवारीला त्यांची बसयात्रा आमच्या बेळगाव जिल्ह्यातूनच निघाली आणि पहिली गॅरंटी, म्हणजे निवडणुकीचं वचन, त्याच दिवशी दिली, घरगुती वीज २०० युनिटपर्यंत फ्री. मग घरातल्या कर्त्या बाईला महिन्याला २००० ची गृहलक्ष्मी, मग माणशी १० किलो तांदूळ, मग २० मार्चला राहुल गांधी बेळगावात आले तेव्हा बेरोजगार पदवीधरांना ३००० आणि डिप्लोमावाल्यांना १५०० ची युवानिधी. बसची घोषणा सगळ्यात शेवटी, एप्रिलअखेर मंगळूरच्या सभेत, म्हणजे मतदानाला दोन आठवडेसुद्धा राहिले नव्हते. घरोघरी गॅरंटी कार्ड वाटली, त्याच्यावर सिद्धरामय्या आणि तेव्हाचे काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष शिवकुमार दोघांच्या सह्या. तेव्हा आमच्या गल्लीत कुणाचाच विश्वास नव्हता, विरोधात असताना काय, बोलायला पैसे पडत नाहीत असंच सगळे म्हणायचे. १३ मे ला निकाल लागला, १३५ जागा आल्या, आणि ११ जून २०२३ ला बस फ्री झाली. महिनाभरात! पाचपैकी सगळ्यात आधी सुरू झालेली हीच.

आता प्रत्यक्ष वापर कसा ते. फॉर्म नाही, ऑनलाइन अर्ज नाही, एजंट नाही, बँक खातं लिंक करायची भानगड नाही. गाडीत चढायचं, कर्नाटकचा पत्ता असलेलं आधार किंवा दुसरं सरकारी ओळखपत्र दाखवायचं, कंडक्टर झिरो तिकीट देतो. बास. रोजच्या बायकांना तर कंडक्टर चेहऱ्यानं ओळखतात, तरी कार्ड जवळ असू द्या कारण नवीन माणूस असला की मागतो आणि मागणारच, त्याचं ते काम आहे. आणि फुकट आहे म्हणून तिकीट न घेता बसू नका, त्या झिरो तिकिटांच्या हिशोबावरच सरकारकडून महामंडळाला पैसे मिळतात. शाळकरी मुली, म्हाताऱ्या, तृतीयपंथी सगळ्यांना लागू आहे. उत्पन्नाची अट नाही, रेशन कार्ड पिवळं की केशरी असला काही विषय नाही. मला ह्या योजनेतलं सगळ्यात आवडलेलं हेच आहे की कुणासमोर आपण गरीब आहोत हे सिद्ध करावं लागत नाही.

कुठल्या गाडीत चालतं: सिटी बस, साधी लाल गाडी, एक्सप्रेस. कुठं चालत नाही: राजहंस, ऐरावत असल्या आरामगाड्या, स्लीपर, एसी, आणि दुसऱ्या राज्यात जाणारी गाडी. बेळगावच्या स्टँडवर नवीन बायकांचा गोंधळ होतो तो इथंच. कोल्हापूरच्या गाडीत बसून निपाणीचं झिरो तिकीट मागतात आणि मग वाद. निपाणीपर्यंत जायचं तर निपाणीचीच साधी गाडी धरा, पुढं कागल-कोल्हापूरला तिकीट काढा. चंदगड भागातल्या बायकांची तर वेगळीच अडचण, बाजार बेळगावचा, दवाखाना बेळगावचा, पण आधारवर पत्ता महाराष्ट्राचा, त्यामुळं आमच्या गाडीत पूर्ण तिकीट. त्यांना महाराष्ट्राच्या एसटीत मार्च २०२३ पासून राज्याच्या हद्दीपर्यंत अर्धं तिकीट आहे म्हणून त्या एसटीची वाट बघत थांबतात. सीमाभागात राहणाऱ्यांसाठी दोन्ही सरकारांनी बसून काहीतरी ठरवायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं, पण इथं भाषेवरून एखादी ठिणगी पडली की पहिली बंद होते ती बसच, फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्हीकडच्या गाड्या कित्येक दिवस बंद होत्या ते आठवत असेलच.

पैशाचं सांगते. माझे महिन्याला दीड हजाराच्या आसपास वाचतात. मोठी रक्कम नाही असं कुणाला वाटेल, पण माझ्या पगारात ती मोठी आहे, आणि मुख्य म्हणजे ती माझ्या हातात राहते. गृहलक्ष्मीचे २००० पण येतात पण ते कधी येतील सांगता येत नाही, दोन महिन्यांचे एकदम येतात, मधले राहतात. २०२५ च्या फेब्रुवारी-मार्चच्या हप्त्यावरून तर डिसेंबरात इथल्याच सुवर्ण विधानसौधच्या अधिवेशनात आताच्या विरोधकांनी, म्हणजे भाजपवाल्यांनी, महिला-बालकल्याण मंत्र्यांना धारेवर धरलं. तांदळाचं पण तसंच, केंद्राकडून जादा तांदूळ मिळाला नाही म्हणून बरेच महिने किलोला ३४ रुपये धरून खात्यावर पैसे देत होते. बसचं तसं नाही. आज गाडीत चढलं की आज फ्री. हप्ता अडकायची भीती नाही. महागाईत घर चालवणाऱ्या बाईला किती मिळणार यापेक्षा नक्की कधी मिळणार हे कळणं जास्त उपयोगाचं असतं, आणि त्या हिशोबात पाच गॅरंटींमध्ये बस माझ्या मते एक नंबर.

नोकरीचं बघा. युवानिधी म्हणजे पास होऊन सहा महिने बेकार राहिलेल्यांना जास्तीत जास्त दोन वर्षं भत्ता. ठीक आहे, फॉर्म भरायला, परीक्षेच्या फीला उपयोग होतो. पण माझ्या डोळ्यासमोर कामाला लागलेल्या बायका ह्या बसनं लागलेल्या आहेत. नंदगड, जांबोटी, लोंढ्याकडच्या बायका आता उद्यमबागच्या कारखान्यात, मच्छेकडं, शहरातल्या दुकानांत, दवाखान्यांत कामाला येतात. आधी आठ-दहा हजाराच्या कामासाठी दोन-अडीच हजार गाडीभाड्यात घालायचे म्हणजे परवडतच नव्हतं, घरचे म्हणायचे त्यापेक्षा घरी बस. आता तो मुद्दाच संपला. माझ्या शेजारची मुलगी बेळगावात नर्सिंगला आहे, पीजीत राहायचं ठरलं होतं, भाडं आणि मेस ऐकूनच तिच्या वडलांनी हात टेकले होते, आता घरूनच जाऊन-येऊन करते. पाच गॅरंटींत राहायच्या जागेसाठी काहीच नव्हतं, पण शहरात खोली घ्यायची वेळ न येणं हा घराच्याच खर्चातला दिलासा आहे हे कुणी मोजत नाही.

आता चौथ्या स्टारपुढं मी का थांबले ते.

गर्दी. सकाळी साडेसात ते साडेनऊ आणि संध्याकाळी पाच ते साडेसात, उभं राहायला जागा मिळाली तर नशीब. योजनेनं तिकीट फ्री केलं, बायका वाढल्या, जुलै २०२५ मध्ये राज्यभरात ५०० कोटी फेऱ्या पूर्ण झाल्या म्हणून मुख्यमंत्र्यांनी स्वतः बसमध्ये तिकीट दिलं, चांगलंच झालं, पण गाड्या त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. नवीन गाड्या आल्यात, नाही म्हणत नाही, पण खेडेगावच्या रूटवर अजून दिवसाला मोजून चार फेऱ्या अशी गावं आहेत. थांब्यावर बायकांचा घोळका दिसला की ड्रायव्हर गाडी पुढं नेऊन थांबवतात ही तक्रार तर राज्यभरातून पेपरात येते. ड्रायव्हरच्या बाजूनं पण बोलायला पाहिजे, गाडी आधीच दाराला लोंबकळून भरलेली असते, त्यानं काय करावं?

पुरुषांचा राग वेगळा. नियमानं निम्म्या सीट पुरुषांना आहेत पण प्रत्यक्षात कोण बघतं, त्यात जानेवारी २०२५ मध्ये तिकीट १५ टक्के वाढलं. म्हणजे तिकीट काढून उभा कोण, तर हमाली करून दमून परत जाणारा म्हातारा. असला वाद गाडीत रोज होतो आणि ऐकून घ्यावं लागतं बायकांना, फुकट्या म्हणून. हे मला फार लागतं. आम्ही काही चोरून बसत नाही, सरकारनं सभागृहात बजेट मांडून दिलेली सोय आहे, आणि पाठीमागं तीच बाई दिवसभर राबून आलेली असते. दोष सीटचा आहे, म्हणजे गाड्या कमी असण्याचा, ना त्या म्हाताऱ्याचा ना त्या बाईचा.

सुरक्षेचं तर मला जास्तच बोलायचं आहे. बायकांची सुरक्षा म्हटलं की प्रत्येक पक्ष कडक कायदा, फाशी, हेल्पलाइन असलंच बोलतो. मला विचाराल तर माझी सुरक्षा म्हणजे शेवटची गाडी. दुकान बंद व्हायला सणासुदीत नऊ वाजतात, तेव्हा गाडी मिळाली तर मी सुरक्षित, नाही मिळाली तर वडापच्या, म्हणजे शेअरच्या खासगी गाडीत अनोळखी माणसांत दाटून बसायचं नाहीतर भावाला टू-व्हीलर घेऊन बोलवायचं. फ्री तिकिटामुळं एक मात्र झालंय, गाडीत इतक्या बायका असतात की पूर्वीसारखं कुणी मुद्दाम खेटून उभं राहायची हिंमत करत नाही, केलीच तर दहा जणी एकदम बोलतात. पण गाडीतून उतरल्यावर थांब्यावर दिवा नाही, शेड नाही, गणेबैलच्या पुढं आतल्या गावांना जायला अंधारात चालायचं. तिकिटाबरोबर ह्या गोष्टी कुठल्याच गॅरंटी कार्डावर नव्हत्या.

आणि कर्मचारी. पगारवाढीचा ३८ महिन्यांचा थकलेला फरक मिळावा म्हणून ५ ऑगस्ट २०२५ ला राज्यातल्या चारही बस महामंडळांच्या कर्मचाऱ्यांनी संप केला, शेवटी कोर्टाच्या आदेशानं थांबला. ज्या माणसांच्या जिवावर योजना चालते त्यांचाच पैसा थकवून कसं चालेल. मी त्या दिवशी घरीच बसले, पगार गेला, तरी मला त्यांचा राग आला नाही.

आता महाराष्ट्रातल्या वाचणाऱ्यांसाठी. तुमच्याकडं ६ नोव्हेंबर २०२४ ला मुंबईत बीकेसीच्या सभेत महाविकास आघाडीनं जवळपास आमचीच यादी वाचून दाखवली, बायकांना महिन्याला ३००० आणि एसटी फ्री, बेरोजगारांना ४०००, शिवाय कर्जमाफी आणि २५ लाखांचा आरोग्य विमा. निवडणूक हरले, यादी कपाटात गेली. मला हे पटत नाही. हरलात म्हणून मागणी संपते का? एसटीची भाडेवाढ जानेवारी २०२५ मध्ये झालीच ना, जवळपास १५ टक्के. लाडकी बहीणचे २१०० कधी देणार हे विरोधक विचारतात, विचारावंच, पण एसटीचं काय, किती गाड्या भंगारात निघाल्या, किती गावांची फेरी बंद झाली, ड्रायव्हर किती कमी आहेत, हे प्रत्येक अधिवेशनात तालुक्याच्या यादीसकट विचारा. आमच्याकडच्या विरोधी पक्षानं सत्तेत येऊन शब्द पाळला, त्याचं कौतुक मी मोकळ्या मनानं करते, पण घोषणा करताना त्यांनी फक्त तिकीट मोजलं, सीट मोजली नाही. तुमच्याकडच्यांना आता ते बघून शहाणं होता येतं. फ्री एसटी मागणार असाल तर त्याच कागदावर गाड्यांचा आकडा, शेवटच्या फेरीची वेळ, थांब्यावरचा दिवा आणि कर्मचाऱ्यांचा पगार मागा. आणि अर्ज-पडताळणी-अपात्र असल्या फेऱ्यात बायकांना घालू नका, आमच्यासारखं कार्ड दाखवा आणि चढा इतकंच ठेवा.

ज्या नव्यानं वापरणार त्यांच्यासाठी थोडं. लग्न होऊन कर्नाटकात आला असाल तर आधारवरचा पत्ता पहिला बदलून घ्या, त्याशिवाय झिरो तिकीट मिळत नाही, कितीही समजावून सांगा. मोबाईलमधला फोटो सगळेच चालवून घेत नाहीत, कार्ड जवळ ठेवा. बेळगावहून खानापूरला संध्याकाळी यायचं तर मधल्या थांब्यावर थांबू नका, सरळ स्टँडवरच जाऊन चढा, पिरनवाडीपर्यंत गाडी एवढी भरते की पुढं हात दाखवून उपयोग नाही. लहान मूल किंवा सामान बरोबर असेल तर दुपारी बारा ते तीनमध्ये निघा, तेव्हा खिडकीची जागा आरामात मिळते.