बादली, सेमी-ऑटोमॅटिक की ऑटोमॅटिक : मुलांना स्वतःचे कपडे धुवायला कशावर शिकवावे?

मुलांनी आपले कपडे आपण धुवावेत, हे ठरवायला फारसा वेळ लागत नाही. ते कशावर धुवावेत, हा प्रश्न आला की मात्र घरातली मोरी, गॅलरीची रचना, नळाला पाणी येण्याची वेळ आणि मुलाची उंची या सगळ्यांचा विचार करावा लागतो. घरात वॉशिंग मशीन असूनही मुलाला आधी बादलीतच धुवायला लावावे, असे घरातली वडीलधारी मंडळी सांगतात. नोकरीवर जाणाऱ्या आईवडिलांना वाटते की जे यंत्र आयुष्यभर वापरायचे आहे तेच पहिल्या दिवसापासून शिकवावे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. माझ्या घरी दोन मुले तिन्ही पद्धतींनी कपडे धुवायला शिकली. त्या अनुभवावरून मी एक कसोटी धरली आहे : ज्या पद्धतीत मुलाला हे काम मोठ्यांना हाक न मारता सुरुवातीपासून शेवटपर्यंत करता येते, ती त्या वयाच्या मुलासाठी योग्य.

सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणजे काय, हे आधी स्पष्ट करायला हवे. खिसे तपासणे, शर्टाच्या बाह्या सरळ करणे, रंग जाणारे कपडे बाजूला काढणे, भिजवणे, कॉलर आणि कफ चोळणे, खळबळणे, पिळणे, झटकून वाळत घालणे, वाळल्यावर काढून घड्या घालणे आणि त्या घड्या कपाटात ठेवणे, एवढे सगळे त्यात येते. ज्या घरात मूल फक्त मशीनचे बटण दाबते आणि पुढचे सगळे आई करते, तिथे मूल कपडे धुवायला शिकले असे म्हणता येणार नाही.

बादली आणि साबणवडी

सहा-सात वर्षांच्या मुलासाठी बादलीला पर्याय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे अनेक घरांत आंघोळ झाल्यावर मोरीतून बाहेर येण्यापूर्वी आपले आतले कपडे आणि पंचा आपणच खळबळून टाकायची रीत होती, आणि काही घरांत ती अजूनही आहे. सुरुवात तिथूनच करावी, कारण कपडे लहान असतात, पाणी समोरच असते आणि काम पाच मिनिटांत संपते. त्यानंतर रुमाल आणि मोजे, मग खेळून मळलेला टी-शर्ट, अशा क्रमाने पुढे जावे.

बादलीत मळ डोळ्यांना दिसतो, हा तिचा सर्वांत मोठा गुण आहे. मोजे पिळल्यावर पाणी काळे येते, दुसऱ्या पाण्याला ते गढूळ राहते आणि तिसऱ्या पाण्याला स्वच्छ होते. त्यामुळे कपडे किती वेळा खळबळायचे हे मुलाला सांगावे लागत नाही. पाण्यावर फेस असेपर्यंत कपड्यात साबण आहे, हा नियम त्याला स्वतःच्या हाताने कळतो. बोअरवेलचे पाणी असेल तर साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या कडेला पांढुरका थर बसतो. पाण्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे हे घडते, हे शाळेच्या पुस्तकात येण्याआधीच मुलाला मोरीत समजते.

डागांच्या बाबतीत तर बादलीइतकी चांगली शाळा नाही. वरणाचा किंवा भाजीचा हळदीचा डाग साबण लागताच लालसर होतो आणि मूल घाबरते, कारण डाग वाढला असे त्याला वाटते. प्रत्यक्षात हळदीतले रंगद्रव्य साबणासारख्या अल्कधर्मी पदार्थाच्या संपर्कात आले की लाल होते. तो कपडा धुऊन उन्हात वाळवला की ते रंगद्रव्य फिके पडत जाते. एकदा हे पाहिलेले मूल हळदीचा डाग पडलेला कपडा सावलीत वाळत घालत नाही. रक्ताचे आणि दुधाचे डाग मात्र गार पाण्यानेच काढायचे असतात, कारण गरम पाण्याने त्यांतली प्रथिने घट्ट होऊन धाग्यात बसतात. पाळी सुरू होण्याच्या वयातल्या मुलीला ही गोष्ट आधीच ठाऊक असली तर तिची पुष्कळ अडचण वाचते. मुलालाही ती सांगावी. गुडघा फुटून चड्डीला रक्त लागण्याचे प्रसंग त्याच्यावरही येतात, आणि घरात बहीण असेल तर या विषयाचा संकोचही कमी होतो.

लहान मुलाच्या हातात पावडरीपेक्षा साबणवडी द्यावी. पावडर ओतताना हाताचा अंदाज चुकतो, मग तीन बादल्या पाणी घालूनही फेस जात नाही आणि वाळलेला कपडा कडक होऊन अंगाला खाजतो. वडी मात्र जितकी घासावी तितकीच झिजते. डिटर्जंटने हाताची त्वचा कोरडी पडते, म्हणून धुऊन झाल्यावर हात साध्या पाण्याने धुऊन थोडे खोबरेल लावण्याची सवय लावावी. घरात रांगणारे किंवा नुकतेच चालू लागलेले भावंड असेल, तर भरलेली बादली क्षणभरही तशीच सोडून जायची नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगितला पाहिजे.

बादलीची मर्यादा पिळताना कळते. जीन्स, स्वेटशर्ट आणि शाळेची जाड पँट दहा वर्षांच्या मुलालाही नीट पिळता येत नाही. ती गळत गळत दोरीवर जाते, दोन दिवस वाळत नाही आणि शेवटी मोठ्यांनाच ती पुन्हा पिळावी लागते. म्हणजे आपली कसोटी इथे मोडते. म्हणून बादली ही लहान कपड्यांची आणि लहान वयाची पद्धत आहे. आठवड्याचे सगळे धुणे तिच्यावर टाकले, तर मूल दोन महिन्यांत कंटाळते.

सेमी-ऑटोमॅटिक

दोन टबांचे सेमी-ऑटोमॅटिक मशीन बादली आणि ऑटोमॅटिक यांच्या मधले आहे. त्यात पाणी आपण भरायचे, धुऊन झाल्यावर आपण सोडायचे आणि कपडे उचलून स्पिनरमध्ये आपणच टाकायचे, त्यामुळे कामाचा क्रम मुलाच्या डोळ्यांसमोर राहतो. एकाच साबणाच्या पाण्यात आधी पांढरे, मग फिके, मग गडद आणि शेवटी पायपुसणी धुण्याची जी पद्धत अनेक घरांत आहे, ती या मशीनवर सहज शिकवता येते. नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या गावांत साठवलेले पाणी बादलीने ओतून हे मशीन चालवता येते, ही त्याची मोठी सोय आहे. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरसारख्या भागात पाण्याचा हिशेब प्रत्येक घराला ठाऊक असतो. तिथे शेवटचे खळबळलेले पाणी संडासासाठी किंवा फरशीसाठी राखून ठेवणे हाही मुलाच्या कामाचा भाग धरावा.

तरीही फक्त मुलांना शिकवण्यासाठी हे मशीन विकत घेऊ नये, असे मी म्हणेन. याचे कारण स्पिनर. झाकण उघडल्यावर तो ब्रेकने थांबतो, परंतु जुन्या मशीनमध्ये ब्रेक सैल झालेला असतो आणि ड्रम काही क्षण फिरतच राहतो. त्या क्षणी कपड्याबरोबर बोटे आत गेली तर गंभीर दुखापत होऊ शकते. कपडे एका बाजूला टाकले की मशीन थडथडते, आणि मूल घाबरून धावत झाकण उघडायला जाते. बारा-तेरा वर्षांच्या समंजस मुलाला, ड्रम पूर्ण थांबल्याचे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हात घालायचा नाही, हे पक्के शिकवल्यावर आणि मोठे माणूस घरात असतानाच हे मशीन द्यावे. घरात आधीपासून हेच असेल तर त्यापूर्वीची काही वर्षे धुण्याचा टब मुलाने आणि स्पिनर मोठ्यांनी, अशी वाटणी करता येते. मात्र या मुदतीत काम पूर्णपणे मुलाचे होत नाही, हे धरून चालावे.

पूर्ण ऑटोमॅटिक

दहा-अकरा वर्षांच्या पुढे आठवड्याच्या धुण्यासाठी हेच मशीन सर्वांत सोयीचे आहे. यात फ्रंट लोड आणि टॉप लोड असा आणखी एक निवडीचा प्रश्न येतो. फ्रंट लोडचे दार मुलाच्या हाताशी येते, त्याला पाणी कमी लागते आणि मशीन चालू असताना दार उघडतच नाही. टॉप लोडमध्ये तळाचा मोजा काढण्यासाठी ठेंगण्या मुलाला स्टुलावर चढून आत वाकावे लागते, पण विसरलेला कपडा मध्येच टाकता येतो आणि धुण्याला वेळही सहसा कमी लागतो. केवळ मुलाच्या सोयीचा विचार केला तर मी फ्रंट लोडकडे झुकते. त्यासाठी कमी फेसाची पावडर किंवा लिक्विड वापरावे लागते, आणि घरात लहान भावंड असल्यास चाइल्ड लॉक लावून ठेवावे लागते, कारण लहान मुले लपण्यासाठी ड्रममध्ये शिरतात. लिक्विडच्या रंगीत कॅप्सूल गोळ्यांसारख्या दिसतात; त्या उंचावर, बंद डब्यातच असाव्यात.

मशीनवरचे पंधरा प्रोग्रॅम मुलाला शिकवण्याची गरज नाही. रोजचे सुती कपडे आणि नाजूक कपडे असे दोनच प्रोग्रॅम पुरेत, आणि त्या दोन ठिकाणी रंगीत टिकली चिकटवून द्यावी. ड्रम गच्च भरायचा नाही, वर आडवा हात सहज फिरेल एवढी जागा ठेवायची, हे मात्र करून दाखवावे लागते. कपड्याच्या आतल्या पट्टीवरच्या खुणाही याच वयात शिकवाव्यात : घमेल्यासारख्या आकृतीतला आकडा म्हणजे पाण्याचे कमाल तापमान, घमेल्यात हात म्हणजे हाताने धुवा, आणि फुली मारलेला त्रिकोण म्हणजे ब्लीच नको.

या मशीनचा दोष असा की सगळे काम झाकणाआड होते. कॉलरला आधी साबण चोळला नाही तर ती मळकीच बाहेर येते, आणि का ते मुलाला कळत नाही. बादलीवर काही महिने काढलेल्या मुलाला ते कळते. थेट मशीनवर आलेले मूल मशीनला दोष देते. म्हणून मशीन कितीही चांगले असले तरी बादलीचा टप्पा गाळू नये. ज्या घरात धुण्याला मावशी येतात, तिथेही मुलाचे आतले कपडे, मोजे आणि रुमाल त्याच्याकडेच राहावेत.

खरी अडचण वाळवण्याची

तिन्ही पद्धतींची तुलना करताना पालक धुण्याकडे पाहतात, पण मुलाचे काम बहुधा दोरीपाशी अडते. फ्लॅटमधल्या दांड्या छताला असतात, दोरी मोठ्यांच्या उंचीची असते आणि मूल गॅलरीत स्टूल ठेवून चढते. कठड्याजवळ स्टूल ही गोष्ट कोणत्याही मजल्यावर चालवून घेऊ नये. कप्पीवर खाली-वर होणाऱ्या दांड्या किंवा जमिनीवर उभा राहणारा घडीचा स्टँड घेतला की ही अडचण सुटते, आणि या कामासाठी काही विकत घ्यायचेच असेल तर नव्या मशीनच्या आधी हा स्टँड घ्यावा, असे मी आग्रहाने सांगते.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, मशीन संपल्यावर कपडे बंद ड्रममध्ये तासन्‌तास राहिले की त्यांना कुबट वास येतो, आणि तो पुन्हा धुतल्याशिवाय जात नाही. माझ्या मुलीने पहिल्या जुलैत हे दोनदा केले. दोन्ही वेळा तिनेच ते कपडे पुन्हा धुतले, आणि त्यानंतर मशीन लावताना ती घड्याळात गजर लावू लागली. जाड आणि पातळ कपडे एकाआड एक घालणे, बाही बाहीला चिकटू न देणे, रात्री स्टँड पंख्याखाली ओढणे, या क्लृप्त्या मुले एका पावसाळ्यात शिकतात.

आपापले कपडे की घराची पाळी?

एका घरात चार माणसांनी आपापले चार अर्धे मशीन लावले, तर पाणी आणि वीज दोन्ही वाया जाते. म्हणून प्रत्येकाचे धुणे वेगळे ही पद्धत आपल्या बहुतेक घरांना परवडत नाही. दुसरीकडे, सगळ्यांचे कपडे एकत्र आणि मुलाची मात्र मदत, असे ठेवले तर जबाबदारी कुणाचीच राहत नाही. आमच्याकडे मळक्या कपड्यांची टोपली प्रत्येकाची वेगळी आहे आणि मशीन लावण्याचा वार प्रत्येकाला वाटून दिला आहे. ज्याचा वार त्याने सर्वांच्या टोपल्यांतले, वेगळे काढून ठेवलेले आणि खिसे तपासलेले कपडे घ्यायचे. ज्याने खिसे तपासले नाहीत त्याचे कपडे टोपलीतच राहतात.

ही पाळी मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखीच असली पाहिजे. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, सहा वर्षे व त्यापुढील वयाच्या स्त्रियांपैकी ८१.२ टक्के एखाद्या दिवशी घरातले बिनपगारी काम करत होत्या, तर पुरुषांपैकी फक्त २६.१ टक्के, आणि जे करत होते त्यांचा वेळही स्त्रियांचा सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे होता. हा फरक लहानपणीच पडायला लागतो, आणि कोणाच्या हातात पिळा द्यायचा हे रोज ठरवणारे आपणच असतो.

वयाचा विचार करताना मी आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोर ठेवते. जवाहर नवोदय विद्यालयांत मुले सहावीपासूनच निवासी असतात. म्हणजे साधारण अकराव्या वर्षी मूल घराबाहेर राहू शकते, आणि तिथे कपडे ओले राहिले तर आई जवळ नसते. म्हणून घरातही सहावीच्या सुरुवातीला गणवेश पूर्णपणे मुलाकडे सोपवावा : शनिवारी दुपारी धुवायचा, रविवारी घडी घालायची किंवा इस्त्री करून आणायची. एखाद्या रविवारी रात्री गणवेश ओलाच राहिला, तर आपण उठून तो इस्त्रीने वाळवू नये. मुलाला पंखा लावून झोपू द्यावे आणि सोमवारी किंचित ओलसर शर्ट घालून शाळेत जायचे की दुसरा शर्ट घालून वर्गशिक्षकांना कारण सांगायचे, हे त्यालाच ठरवू द्यावे.