रुमालात बांधलेला इतिहास: भारत इतिहास संशोधक मंडळ, सदाशिव पेठ

आजोळच्या माळ्यावर मोडी लिपीतले सात कागद सापडले. त्यातला एक मामाने हौसेने एका दुकानात लॅमिनेट करून आणला होता. ते प्लास्टिक आता निघत नाही, शाई त्यालाच चिकटली आहे. उरलेले सहा सुती पंच्यात गुंडाळून मी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात गेले; जुने कागद जपणारी ही संस्था.

१९१० साली इतिहासाचार्य वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी ती उभी केली. राजवाडे गावोगाव हिंडून वाड्यांतली दप्तरं मिळवत. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ चा. तेव्हा असे कागद रद्दीत जात, बंबातही जात.

मला सगळ्यात आवडली ती तारखेची उकल. माझ्या एका कागदावर 'इहिदे सितैन मया व अलफ' असं आहे. अरबी आकडे उलटे वाचायचे: हजार, शंभर, साठ, एक. म्हणजे सुहूर सन ११६१; मराठी कागदांत वापरली जाणारी ही जुनी कालगणना. त्यात ५९९ मिळवले की १७६०; सुहूर वर्षाच्या उत्तरार्धातला, म्हणजे जानेवारीनंतरचा कागद असेल तर ६०० मिळवायचे, म्हणजे १७६१. पानिपतचं वर्ष! मजकूर मात्र विहिरीच्या पाण्याच्या वाटणीचा. मला तो लढाईइतकाच मोलाचा वाटतो.

जाताना शांतपणे वेळ काढून जा आणि मोडीची बाराखडी आधी गिरवा. घरचे कागद असतील तर चिकटपट्टी लावू नका, घडी पडली आहे तिथे पुन्हा दाबू नका. मी पुढच्या आठवड्यात परत जाणार आहे, पाच कागद वाचायचे राहिलेत.