तिकीट खरं होतं, पण ते आपल्या ताब्यात नव्हतं

गणपती होऊन जातात, पितृपंधरवडा लागतो, दिवाळीची गर्दी अजून लांब असते. जुलै ते सप्टेंबर हा आपल्याकडे विमान कंपन्यांचा मंदीचा काळ. खुर्ची रिकामी उडवण्यापेक्षा कमी पैशांत विकलेली बरी, या हिशेबाने भाव खरोखर उतरतात. व्हॉट्सॲपवर "जाऊन-येऊन, निम्म्या भावात, आजच्या आज" असे मेसेज फिरू लागतात तेही याच दिवसांत. मे महिन्यात असा मेसेज आला तर माणूस हसून सोडून देईल. मंदीत मात्र तो पटतो, कारण भाव उतरलेला आपण कालच कंपनीच्या साइटवर पाहिलेला असतो.

तिकीट बनावट निघालं, अशी या फसवणुकीची साधारण समजूत आहे. पण ज्यात शिकलीसवरलेली, सावध माणसं अडकतात त्या प्रकारात तिकीट खरं असतं. तपासून पाहिलं तर नाव, तारीख, विमान सगळं बरोबर दिसतं. म्हणूनच हा प्रकार सविस्तर सांगायला हवा.

एक उदाहरण धरून चालू. पुण्याच्या आई-बाबांना मुलाकडे न्यू जर्सीला जायचं आहे. कंपनीच्या साइटवर दोघांचं जाऊन-येऊन भाडं समजा 2 लाख 10 हजार दिसतंय. ओळखीच्या ग्रुपवरून मिळालेला एजंट 1 लाख 45 हजार सांगतो. "आधी पैसे नकोत, आधी तिकीट बघा," असंही म्हणतो, आणि इथेच मन निवळतं. तासाभरात पीडीएफ येते. मुलगा तिकडून विमान कंपनीच्या साइटवर पीएनआर आणि आडनाव टाकून बघतो, तर बुकिंग कन्फर्म. मग एक लाख आज आणि बाकीचे उद्या असे दोन हप्त्यांत पैसे यूपीआयने जातात, कारण साध्या यूपीआयची दिवसाची मर्यादा एक लाखाची असते. पुढे महिनाभर ते तिकीट कुणी पुन्हा उघडून बघत नाही. प्रवासाच्या रात्री मुंबई विमानतळाच्या दारावरचा जवान कागद आणि पासपोर्ट पाहून आत सोडतो. बॅगा वजनकाट्याजवळ येतात आणि काउंटरवरची मुलगी तीनदा आडनाव टाकून पाहते. तिकीट तीन आठवड्यांपूर्वीच रद्द झालेलं असतं, आणि परतावा ज्याने पैसे भरले त्याच्याकडे गेलेला असतो.

ज्याने पैसे भरले तो म्हणजे एजंट. सगळी मेख इथे आहे. आपण एजंटाला पैसे दिले, विमान कंपनीला नाही. कंपनीच्या लेखी तिकीट एजंटाच्या कार्डावरून किंवा वॉलेटमधून काढलं गेलं, म्हणून रद्द झाल्यावर पैसे त्याच वाटेने परत जातात. त्याने परतावा मिळणारं महागडं तिकीट काढलेलं असतं. कधीकधी तेही लागत नाही. तिकीट काढल्यापासून ठरावीक तासांत, प्रवास पुरेसा लांब असेल तर, दंड न भरता रद्द करण्याची सोय प्रवाशाच्या भल्यासाठी ठेवलेली आहे. तीच तो वापरतो. रद्द झाल्याचा एसएमएस आणि ईमेल कंपनी पाठवते, पण बुकिंगमध्ये मोबाइल नंबर आणि ईमेल त्याचा असतो. म्हणून घरी काहीच कळत नाही.

याचाच एक भाऊ म्हणजे होल्डवरचा पीएनआर. एजंटाच्या आरक्षण प्रणालीत पैसे न भरताही जागा धरून ठेवता येते. सहा अक्षरी पीएनआर तयार होतो, नावं चढतात आणि स्थिती कन्फर्म दिसते, कारण जागा खरोखरच धरलेली असते. पण तिकीट निघालेलं नसतं. मुदत संपली की बुकिंग आपोआप गळून पडतं. जागा धरणं आणि तिकीट निघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा फरक बहुतेक प्रवाशांना कुणी सांगितलेलाच नसतो.

फरक कागदावर शोधता येतो. पूर्ण सेवेच्या कंपनीचं तिकीट निघालं की 13 आकडी तिकीट नंबर पडतो, आणि पहिले तीन आकडे कंपनीचे असतात: एअर इंडिया 098, एमिरेट्स 176, कतार एअरवेज 157, लुफ्थांसा 220. माणशी एक नंबर, त्यामुळे दोघांचे दोन नंबर हवेत. पीडीएफवर फक्त पीएनआर असेल आणि तिकीट नंबराच्या जागी काही नसेल किंवा "लवकरच कळवू" असेल, तर तिकीट निघालेलं नाही असंच धरा. नंबर आहे तो खरा आहे का, हे पीडीएफवरून कळत नाही. पीडीएफ कुणालाही दहा मिनिटांत बदलता येते. कंपनीच्या स्वतःच्या ॲपवर दिलेल्या ग्राहक सेवेला फोन करून एकच प्रश्न विचारा: या नंबराचं तिकीट "ओपन" आहे, "व्हॉइड" आहे की "रिफंडेड"? ओपन म्हणजे वापरायला शिल्लक. बाकी दोन्हींपैकी कुठलंही उत्तर आलं तर तिकीट संपलेलं आहे. स्वस्त सेवेच्या कंपन्यांत हा 13 आकडी नंबर सहसा प्रवाशाच्या हाती येत नाही. तिथे बुकिंग उघडून पेमेंट पूर्ण झालंय की बाकी आहे ते बघायचं.

एजंटाने दिलेला पीएनआर कंपनीच्या साइटवर चालत नाही, असंही होतं. एजंट वापरतात त्या अमाडेउस किंवा गॅलिलिओसारख्या आरक्षण प्रणालीतला पीएनआर वेगळा आणि विमान कंपनीचा वेगळा असू शकतो. त्यात लबाडी असेलच असं नाही. "एअरलाइन पीएनआर द्या" म्हणायचं. सरळ एजंट लगेच देतो.

चोरलेल्या क्रेडिट कार्डावर काढलेलं तिकीटही असंच खरं असतं. त्याचा नंबर ओपन दाखवतो. कार्डाच्या मालकाने बँकेकडे तक्रार केली की मग कंपनी तिकीट रोखते, आणि त्याला किती दिवस लागतील याचा नेम नाही. इथे आपण दिलेले पैसे जातातच, वर विमानतळावर चौकशीला तोंड द्यावं लागतं.

आता एक प्रामाणिक गोष्टही सांगायला हवी, कारण फसवणारे तिच्याच आडोशाला उभे राहतात. मंदीत स्वस्त तिकीट विकणारे खरे एजंट असतात. मोठे एजंट महिनोन् महिने आधी अनामत भरून गटाच्या जागा घेऊन ठेवतात. धंद्यात याला सिरीज किंवा फिक्स्ड डिपार्चर म्हणतात. गिऱ्हाईक आलं नाही की तारीख जवळ येताच या जागा पडेल भावात काढाव्या लागतात, नाहीतर अनामत बुडते. अशा जागांवर प्रवाशांची नावं प्रवासाच्या दोन-तीन दिवस आधी चढतात. तोवर कंपनीच्या साइटवर तुमचं नाव दिसत नाही, हे खरं आहे. म्हणून ठगाचं आवडतं वाक्य हेच: "सिरीजची सीट आहे, पीएनआर तीन दिवस आधी मिळेल." वाक्य तेच, पण बोलणारा वेगळा, आणि बाहेरून ओळखायला काही मार्ग नाही. अनोळखी माणसाकडून सिरीजची जागा घेऊच नये, कितीही स्वस्त असली तरी. ज्याचं दुकान माहीत आहे, ज्याच्याकडून घरच्यांनी पूर्वी प्रवास केलाय, त्याच्याकडूनच घ्यावी.

भाव कुठपर्यंत उतरू शकतो यालाही हिशेब आहे. 25 मे 2020 ला देशांतर्गत विमानं पुन्हा सुरू झाली तेव्हा सरकारने भाड्याला वरची आणि खालची मर्यादा घातली होती. 90 ते 120 मिनिटांच्या उड्डाणाला, म्हणजे दिल्ली–मुंबईला, मूळ भाडं 3,500 च्या खाली विकायची कंपन्यांना परवानगीच नव्हती. त्या मंदीत हजार-दीड हजाराचं दिल्ली–मुंबई तिकीट विकणारा माणूस आपल्या तोंडानेच खोटं कबूल करत होता, पण ही मर्यादा फार थोड्यांना ठाऊक होती. 31 ऑगस्ट 2022 ला ती उठली. आज कायद्याचा तळ नाही, तरी करांचा तळ आहे. कंपनीच्या साइटवर पैसे भरायच्या पानावर भाड्याची फोड उघडून बघा: मूळ भाडं, इंधन अधिभार, विमानतळाचं वापर शुल्क, सुरक्षा शुल्क, जीएसटी. शुल्क आणि कर एजंटाच्या हातात नसतात. मूळ भाड्यावर त्याला मिळणारी सूट किंवा प्रोत्साहनपर रक्कम थोड्या टक्क्यांची असते. त्यामुळे त्याच विमानाचं, त्याच तारखेचं तिकीट कुणी कंपनीपेक्षा पाच-सात टक्के स्वस्त दिलं तर समजू शकतं. तीस टक्के स्वस्त दिलं तर तो तोट्यात विकतोय किंवा विकतच नाहीये. तुलना करताना विमान, तारीख, सामानाचं वजन आणि परताव्याच्या अटी तंतोतंत जुळवून घ्या. बिनसामानाचं भाडं दाखवून स्वस्ताईचा भास करून देणं ही लहान लबाडीही पुष्कळ चालते.

पैसे देण्याआधी एजंटाकडून जीएसटी क्रमांक मागा. तो 15 अक्षरांचा असतो. महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो, गोव्याचा 30 ने. जीएसटी पोर्टलवर तो टाकला की धंद्याचं नाव आणि नोंदणी चालू आहे का, ते लगेच दिसतं. ते नाव आणि पैसे ज्या खात्यात मागितलेत ते नाव एकच हवं. यूपीआयवर पिन टाकायच्या आधी खातेदाराचं नाव दिसतं. तिथे ट्रॅव्हल्सऐवजी कुठल्या तरी व्यक्तीचं नाव आलं तर तिथेच थांबा. क्रेडिट कार्डाने भरलेले पैसे बँकेकडे वाद नोंदवून परत मागता येतात. यूपीआयचे गेले ते आपणच मंजूर केलेले असतात, त्यामुळे बँकेकडे फार बोलता येत नाही. "कार्डाला दोन टक्के जास्त लागतील" म्हणून यूपीआयकडे वळवणाऱ्याला ते दोन टक्के खुशाल द्या.

सगळ्यात कामाची गोष्ट सोपी आहे. बुकिंगमध्ये मोबाइल आणि ईमेल तुमचाच टाकायला लावा, आणि कंपनीचा मेसेज एजंटाच्या फोनवरून पुढे ढकललेला न येता थेट तुमच्या फोनवर आला तरच पैसे द्या. त्यानंतर दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि प्रवासाच्या चार-पाच दिवस आधी तिकीट पुन्हा उघडून बघा. जाऊन-येऊन तिकीट असेल तर तिकडे पोचल्यावरही परतीचा भाग तपासत राहा. जाण्याचा भाग वापरू देऊन परतीचा तेवढा रद्द करणारेही आहेत. तेव्हा म्हातारे आई-बाबा परदेशात, राहण्याची मुदत संपत आलेली आणि ऐन वेळचं भाडं दुप्पट, अशी घराची अवस्था होते.

फसवणूक लक्षात आली की पहिला फोन 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, दुसरा बँकेला. नातेवाइकांना नंतर सांगा. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत गोठवता आले तरच हाती लागतात, म्हणून तासांचा हिशेब आहे. यूपीआय व्यवहाराचा 12 आकडी यूटीआर नंबर, समोरच्याचा यूपीआय आयडी, रक्कम आणि वेळ कागदावर लिहून मगच फोन लावा. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही नोंदवा आणि पोचक्रमांक घेऊन पोलीस ठाण्यात जा. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागतं, आणि तोतयेगिरी ऑनलाइन झाली असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66 ड. चॅट रागाने पुसू नका, नंबर ब्लॉक करण्याआधी सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा. विमान कंपनीला लेखी विचारा की तिकीट कधी रद्द झालं आणि परतावा कोणत्या मार्गाने गेला. ते पत्र तपासात फार उपयोगी पडतं.

यानंतर आठ-दहा दिवसांत बहुधा आणखी एक फोन येतो. "विमान कंपनीच्या रिफंड विभागातून बोलतोय, तुमची तक्रार मिळाली." इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ग्राहक सेवेच्या नंबरवर आपण फोन केला तरी पलीकडे हाच आवाज असू शकतो. तो स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला सांगतो किंवा क्यूआर कोड पाठवून पिन मागतो. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. फोन ठेवा आणि तो नंबर 1930 च्या त्याच तक्रारीत जोडून द्या.